आधी जाहिरात वाचा, मग कॉलेज ठरवा: विदर्भातल्या खेड्यातून बारावीनंतरची वाट

बारावीचा निकाल लागला की गावात दोनच प्रश्न होतात: किती टक्के पडले, आणि आता कुठं टाकता? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक घरांत मामेभाऊ काय करतो, मित्र कुठं चालला आणि तालुक्याच्या चौकात कोणाचा फ्लेक्स लागला यावरून ठरतं. तीन-चार वर्षांनी पदवी हातात येते आणि मग कळतं की ज्या भरतीची वाट पाहत होतो तिला ही पदवी चालतच नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी कामाची जाहिरात, मग तिला लागणारी पात्रता, मग खर्च, आणि कॉलेजचं नाव सगळ्यात शेवटी.

जाहिरात कशी वाचायची

ज्या कामात जावंसं वाटतं त्या कामाच्या मागच्या दोन-तीन वर्षांतल्या भरतीच्या जाहिराती मिळवा. पेपरातली बातमी उपयोगाची नाही, मूळ जाहिरात हवी. ती संबंधित खात्याच्या संकेतस्थळावर असते आणि सेतू केंद्रात छापून मिळते. वहीच्या एका पानावर एक जाहिरात घ्या आणि पाच गोष्टी उतरवा: शिक्षण कोणतं, वय किती, शरीराची अट काय, परीक्षा कोणत्या विषयांची, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला हातात असलंच पाहिजे असं प्रमाणपत्र कोणतं.

चार जाहिराती वाचल्या तरी डोळे उघडतात. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाला वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडचा आयटीआय लागतो, तिथं बीएस्सी फिजिक्सची पदवी काही कामाची नाही. वनरक्षकाला बारावी पुरते, पण बारावीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिऱ्याच्या पट्ट्यातली कितीतरी मुलं या भरतीची स्वप्नं बघतात आणि अकरावी कला शाखेत भूगोल सोडून सोपा वाटणारा दुसरा विषय घेतात. तलाठ्याला (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) कोणतीही पदवी चालते. लिपिक-टंकलेखकाला पदवीसोबत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं शासनमान्य प्रमाणपत्र लागतं. कृषी सेवकाला कृषी पदविका किंवा पदवी हवी. कनिष्ठ अभियंत्याला त्या-त्या शाखेचीच पदविका किंवा पदवी हवी, 'इंजिनिअर आहे' एवढ्यावर भागत नाही.

खासगी नोकरीचंही हेच. बुटीबोरी आणि हिंगण्याची एमआयडीसी, चंद्रपूर-राजुरा-कोरपना पट्ट्यातले सिमेंट कारखाने, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, अमरावतीजवळचं नांदगाव पेठ इथल्या जाहिरातींत फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, डिप्लोमा मेकॅनिकल हे शब्द किती वेळा येतात आणि 'कोणताही पदवीधर' किती वेळा, ते स्वतः मोजून बघा.

खर्चाचा हिशेब: फी कमी, राहणं जास्त

घरात चर्चा फीवर होते, आणि पैसे जातात खोली-मेसवर. समजा मुलगा नागपूरला गेला. दोघांत खोली घेतली तर प्रत्येकी २,५००, दोन वेळची मेस ३,०००, गावी येणं-जाणं, रिचार्ज, झेरॉक्स, पुस्तकं मिळून १,५००. महिन्याचे ७,००० झाले. दहा महिन्यांचे ७०,००० आणि चार वर्षांचे २,८०,०००. यात फी, डिपॉझिट, लॅपटॉप काहीच धरलेलं नाही. आकडे तुमच्या शहराप्रमाणे बदला, पण कागदावर मांडा. 'फी माफ आहे' म्हणून घेतलेला प्रवेश दुसऱ्या वर्षाला सुटतो तो बहुधा या ७,००० पायी.

दुसरी अडचण वेळेची. प्रवेशाच्या फेऱ्या जून ते ऑगस्टमध्ये चालतात, आणि त्याच वेळी घरातला पैसा बियाणं, खत, डवरणी-निंदणात गेलेला असतो. सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर निघतं, कापसाचे चुकारे त्याहून उशिरा. कर्ज काढायचं नसेल तर बारावीच्या वर्षी कापूस-तूर विकल्यावर, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्येच, प्रवेशाचे पैसे वेगळे काढून ठेवावे लागतात. सावकाराकडून जुलैत उचललेले ३०,००० पुढं वर्षभर वसतिगृहाच्या खर्चापेक्षा महाग पडतात.

शैक्षणिक कर्जाचा मार्ग आहे. बँकांच्या सर्वसाधारण योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षाने सुरू होतात. मधल्या काळात व्याज मात्र चढतं, ते जमेल तसं भरत राहिलात तर पुढचा बोजा हलका होतो. शाखा व्यवस्थापक 'आधी सातबाऱ्यावरचं पीककर्ज भरा' म्हणाला तर तोंडी ऐकून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या आणि नकाराचं कारणही लेखी मागा.

कोणती वाट कोणासाठी

*आयटीआय आणि तंत्रनिकेतन.* विदर्भातल्या खेड्यात या दोन वाटांना जितकी कमी किंमत दिली जाते तितकी कशालाच नाही. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी हे ट्रेड दोन वर्षांचे, संधाता म्हणजे वेल्डर एक वर्षाचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, शासकीय आयटीआयची फी नगण्य. ट्रेड निवडताना जवळच्या कारखान्यांना काय लागतं ते बघा आणि संस्था निवडताना वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं चालू आहेत का ते बघा. लेथवर धूळ बसलेली असेल तर तिथल्या प्रमाणपत्रावर शिक्का खरा असतो, हात तयार होत नाही.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी केलीच पाहिजे. तिचं प्रमाणपत्र रेल्वे, वेकोलि (कोळसा खाणींची कंपनी), आयुध निर्माणी, महानिर्मिती अशा ठिकाणी उपयोगी पडतं. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमा केलेल्याला अभियांत्रिकीत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे. म्हणजे ही वाट पुढं बंद होत नाही, फक्त मधे कमावता येतं. अमरावती, नागपूर, यवतमाळ, वाशीम, खामगाव, मूर्तिजापूर, आर्वी, साकोली, ब्रह्मपुरी, गडचिरोली इथं शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. घरापासून एसटीच्या पासवर जाता येत असेल तर वरच्या हिशेबातले महिन्याचे पाच-साडेपाच हजार वाचतात.

*अभियांत्रिकी.* बारावीला भौतिकशास्त्र आणि गणितासह तीन विषयांत खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के, आणि एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे गुण लागतात. सीईटी २०० गुणांची: गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथं गणितात अडत नाहीत, वाक्यात अडतात. अकरावीपासूनच गणिताचे शब्द इंग्रजीत पाठ करा.

शाखा आधी की कॉलेज आधी, यावर आमचं मत स्पष्ट आहे. नाव न ऐकलेल्या कॉलेजातल्या 'एआय'पेक्षा अमरावती, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली किंवा शेगावसारख्या जुन्या कॉलेजातली इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल बरी. प्रयोगशाळा आणि शिकवणारी माणसं असलेल्या जागी कोडिंग स्वतः शिकता येतं, पण जिथं शिकवायलाच कोणी नाही तिथं फलकावरच्या शाखेचं नाव काही शिकवत नाही.

*नीट.* ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला ४, चुकीला १ वजा. एमबीबीएससोबत आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक आणि पशुवैद्यकही नीटवरच जातात. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय गावातल्या मुलांनी जरूर डोळ्यासमोर ठेवावं. नीट देणाऱ्याने एमएचटी-सीईटीचा पीसीबी गट आणि बीएस्सी नर्सिंगची सीईटी हे दोन अर्ज भरायलाच हवेत. अर्जाचे पैसे वाचवायला जाऊन वर्ष गमावू नये.

ड्रॉप घ्यायचा का? अभ्यासक्रमच पूर्ण झाला नव्हता, आजारपण आलं, घरात मृत्यू झाला, अशांनी एक वर्ष घ्यावं. अभ्यासक्रम दोनदा उजळला, चाळीस सराव चाचण्या दिल्या, आणि शेवटच्या दहा चाचण्यांत गुण एकाच जागी थांबले असतील तर अकोल्याच्या क्लासला आणखी लाखभर भरून ते हलत नाहीत. दुसरा ड्रॉप तर अपवादानेच.

*कृषी.* बीएस्सी कृषी चार वर्षांची. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरचं जुनं कृषी महाविद्यालय आणि विदर्भभर खासगी महाविद्यालयं. प्रवेश सीईटीच्या गुणांवर. शेतकऱ्याच्या पाल्याला सातबाऱ्यावर भारांक मिळत आला आहे, त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नियम बघा आणि सातबारा नेमका कोणाच्या नावावर लागतो तेही बघा. फेरफार आजोबांच्याच नावावर अडकला असेल तर निकालाची वाट न पाहता वारस नोंद करून घ्या. पुढं एमपीएससीची कृषी सेवा, बँकेतलं कृषी अधिकारीपद आहे, आणि कृषी सेवा केंद्राच्या परवान्यालाही ही पदवी कामी येते. 'घरचं वावर आहे' एवढ्याच कारणाने खासगी कॉलेजात मोठी फी भरून ही पदवी घेऊ नये. शेती करायची असेल तर कृषी पदविकाही पुरते.

*नर्सिंग, फार्मसी, पॅरामेडिकल.* काम मिळायला चांगली आणि फसवणुकीला सगळ्यात सोपी वाट. जीएनएम (नर्सिंगची पदविका) तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार, डी.फार्म दोन, बी.फार्म चार वर्षांचं. नर्सिंगला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आणि फार्मसीला भारतीय फार्मसी परिषदेची मान्यता लागते. ती नसेल तर पुढं नोंदणीच होत नाही, आणि नोंदणी नाही तर नोकरी नाही. तालुक्याच्या गाळ्यात चालणारे 'एक वर्षात नर्स', 'शंभर टक्के जॉब' असे अभ्यासक्रम ओळखायची खूण सोपी आहे: परिषदेच्या यादीतला संस्थेचा अनुक्रमांक मागा. 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर आलं की उठून या.

*बीए, बीकॉम, बीएस्सी.* यात काही कमी नाही, पण ही पदवी एकटी पुरत नाही. घराजवळच्या कॉलेजात शिकून वाचलेला पैसा आणि वेळ टायपिंग, इंग्रजी, स्पर्धा परीक्षा किंवा हातच्या कामात घालायचा असेल तरच ती फायद्याची. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी आणि चार वर्षांची ऑनर्स असे दोन टप्पे आहेत. चौथं वर्ष पुढं संशोधन किंवा प्राध्यापकी डोक्यात असणाऱ्यांनीच घ्यावं. बीसीए-बीबीएला २०२४-२५ पासून सीईटी आहे, आणि काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम वेगळ्या नावाने सुरू ठेवला. प्रवेशाआधी पदवीवर नेमकं कोणतं नाव छापलं जाणार ते विचारा.

शिक्षक व्हायचं असेल तर डी.एल.एड. किंवा बी.एड.नंतर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा (१५० पैकी ९० गुण, राखीव गटाला सवलत), मग टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल अशी रांग आहे. ती मोठी आहे आणि पुढं कधी सरकेल हे कोणाच्या हातात नाही. संस्थेच्या शाळेत 'काही लाख द्या, लावून घेतो' म्हणणाऱ्याला वावर विकून पैसे देणारी घरं आजही आहेत. मान्यतेविना लागलेला शिक्षक वर्षानुवर्षं बिनपगारी राबतो.

कागदपत्रं: अकरावीलाच सुरू करा

गुण असून प्रवेश हुकतो तो इथं. सगळ्यात वेळखाऊ काम जात वैधतेचं. उपविभागीय अधिकाऱ्याने दिलेलं जात प्रमाणपत्र वेगळं आणि जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं. व्यावसायिक प्रवेशाला दोन्ही लागतात. अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ऑनलाइन अर्ज भरून कॉलेजच्या पत्रासह समितीकडे द्यायचा. अनुसूचित जमातीच्या समित्या वेगळ्या आहेत.

पुरावा वडिलांच्या बाजूचा लागतो आणि ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढा. नसतील गेले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीत जन्म-मृत्यूची नोंद शोधा. विदर्भातल्या ओबीसी कुटुंबांना १९५४-५५ चा अधिकार अभिलेख फार उपयोगी पडतो, कारण त्यात खातेदाराच्या नावापुढं जात लिहिलेली असते आणि तो १९६७ च्या आधीचा आहे. चुलत्याला किंवा आत्याला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा. काम निम्म्यावर येतं.

अडतं कुठं? नावात. आजोबा एका कागदावर 'श्यामराव', दुसऱ्यावर 'शामा', तिसऱ्यावर नुसतं 'शाम्या वल्द गणपत'. ही एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र आधीच करून ठेवा. त्रुटीचा संदेश मोबाइलवर येतो आणि अर्ज भरताना सेतूवाल्याचाच नंबर टाकला असेल तर तो तुमच्यापर्यंत पोचत नाही. नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या.

नॉन-क्रीमिलेअरची अडचण वेगळी आहे. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेता त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंत. जानेवारीत घाईने काढलेलं एका वर्षाचं प्रमाणपत्र मार्चअखेर संपतं आणि जुलैत निरुपयोगी ठरतं. शक्य असेल तर तीन वर्षांचं काढा. केंद्राच्या कोट्यासाठी, म्हणजे जेईई-नीटची अखिल भारतीय फेरी, व्हीएनआयटी, नागपूरचं एम्स यांसाठी, ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याचं चालत नाही. ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र दरवर्षी नवं.

याशिवाय अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक पासबुक या तिन्हींवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते आज संध्याकाळीच बघा. आधारात दुरुस्ती करायची तर मूळ धरा दहावीची गुणपत्रिका.

कॅप फेरीचा अर्ज

सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेशात (यालाच कॅप म्हणतात) पसंतीक्रम भरावा लागतो, आणि तो सेतू केंद्रात उभ्या-उभ्या भरायची गोष्ट नाही. आधी मागच्या वर्षीची कटऑफ यादी उतरवून घ्या. तिच्यातली अक्षरं अशी वाचायची: सुरुवातीचं 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींची जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं 'एच' म्हणजे गृह विद्यापीठाची जागा, 'ओ' म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय. यवतमाळ जिल्ह्यातून बारावी झालेल्या ओबीसी मुलीने अमरावती विद्यापीठातल्या कॉलेजसाठी 'एलओबीसीएच'चा आकडा बघायचा आणि नागपूरच्या कॉलेजसाठी 'एलओबीसीओ'चा. शेजारच्या 'जीओपनएच'च्या आकड्याशी स्वतःला जोखून मुली कॉलेज हातचं सोडतात.

यादीचे तीन भाग करा. वरचा भाग तुमच्या पर्सेंटाइलच्या पलीकडचा पण मनातला, मधला बरोबरीचा, खालचा नक्की मिळणारा. तिन्ही भागांत तुम्ही जाल तीच कॉलेजं असावीत. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती आपोआप पक्की धरली गेली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. पक्की झालेली जागा नाकारली की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा पहिल्या सहा ओळींत 'बघू मिळालं तर' असं एकही नाव नको. अर्ज भरला एवढ्यावर थांबू नका, पसंतीक्रम 'कन्फर्म' करा आणि त्याची छापील प्रत घ्या. नुसता सेव्ह केलेला अर्ज मोजला जात नाही.

मॅनेजमेंट कोट्यातून आत येणाऱ्याला शासनाच्या फी-सवलती मिळत नाहीत. एजंट हे सांगत नाही.

शिष्यवृत्ती

महाडीबीटी पोर्टलवर एकच अर्ज, पण योजना प्रवर्गाप्रमाणे वेगळ्या. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा २.५ लाख. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विकास शुल्क, वसतिगृह, डिपॉझिट यात येत नाही.

राहण्यासाठी आधी समाजकल्याण किंवा आदिवासी विभागाच्या वसतिगृहाला अर्ज करा. जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्धांना स्वाधार, जमातीला स्वयम्, ओबीसी-भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये नागपूरसारख्या शहराला वर्षाला ६०,००० रुपये आहेत, लहान ठिकाणी कमी. वर काढलेल्या ७०,००० शी ताडून बघा.

पैसे उशिरा येतात हे गृहीतच धरा, पहिलं सत्र स्वतःच्या जोरावर निघालं पाहिजे. आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. मधे कोणी मोफत सिमसोबत पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं असेल तर आधार तिकडं सरकलेला असतो आणि शिष्यवृत्ती तिथं जाऊन पडते. बँकेत जाऊन आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे ते तपासा. अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, आणि कॉलेजच्या लिपिकाने तो पुढं पाठवला का, हे पोर्टलवर स्वतः बघावं लागतं.

मोफत मार्गदर्शन वाया घालवू नका. नागपूरची महाज्योती ओबीसी-भटक्या-विशेष मागास मुलांसाठी, बार्टी अनुसूचित जातीसाठी, सारथी मराठा-कुणब्यांसाठी, टीआरटीआय जमातीसाठी. विदर्भातला कुणबी ओबीसीत असल्याने त्याने महाज्योती आणि सारथी दोन्हींच्या जाहिराती वाचाव्यात. मात्र एकाच वेळी दोन्हीकडून लाभ मिळत नाही.

कॉलेजातली वर्षं

पहिल्या वर्षी दोनच गोष्टी: इंग्रजी आणि टायपिंग किंवा कोडिंग. इंग्रजीसाठी रोज एका बातमीचे दोनशे शब्द मोठ्याने वाचा आणि तिचा आशय पाच ओळींत लिहा, क्लासपेक्षा हे स्वस्त. टायपिंगला रोज एक तास, सहा महिने.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात घरी बसू नका. मेकॅनिकलवाल्याने एमआयडीसीत, कॉमर्सवाल्याने तालुक्याच्या सीएकडे किंवा कर सल्लागाराकडे, कृषीवाल्याने वरूड-मोर्शीच्या संत्रा बागांत किंवा जिनिंगमध्ये सहा आठवडे काम करावं, पगार मिळो न मिळो. अनुभवाचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, तारीख आणि कामाच्या तपशिलासह घ्यावं. 'चांगलं काम केलं' एवढं लिहिलेलं पत्र कोणी वाचत नाही.

पोलीस भरतीवाल्याने मैदान पदवीच्या पहिल्या वर्षापासून धरावं. शारीरिक चाचणी ५० गुणांची: मुलांना १,६०० मीटर २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५, आणि मुलींना १,६०० ऐवजी ८०० मीटर. लेखी १०० गुणांची. उंचीची अट पुरुषांना १६५ सेंमी, महिलांना १५५. ती आधी आरोग्य केंद्रात मोजून घ्या, दोन वर्षं धावल्यावर मोजू नका. मुलं डांबरी रस्त्यावर रोज पळून नडग्या धरून बसतात. आठवड्यातले तीन दिवस मातीवर, एक दिवस वेगाचा, आणि गोळ्याचा सराव वेगळा.

एमपीएससी राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर आणि १,७५० गुण. लिहिण्याचा सराव नसलेल्या मुलाला अभ्यासिकेत दहा तास बसून काही मिळत नाही. रोज दोन उत्तरं घड्याळ लावून लिहावी लागतात. वयाची मर्यादा खुल्याला ३८, राखीवला ४३ आहे म्हणून तोवर थांबायचं असं नाही. पदवीनंतर किती वर्षं द्यायची ते घरात आजच ठरवा आणि वहीत लिहा. आमच्या मते तीन, त्यातही दुसऱ्या वर्षापासून अर्धवेळ काम हवं: शिकवणी, सेतू केंद्र, बँकेचा प्रतिनिधी, काहीही. त्या तीन वर्षांत सरळसेवा, बँक, रेल्वे, पोस्ट यांचे अर्जही भरत राहा, कारण अंकगणित, बुद्धिमत्ता आणि मराठी-इंग्रजी व्याकरण बहुतेक ठिकाणी तेच असतं.

शेवटची गोष्ट प्रवेश बदलायची. ऑगस्टमध्ये दुसरीकडे चांगली जागा लागली आणि पहिलं कॉलेज मूळ कागद अडवून बसलं, तर घाबरून दोन्हीकडे फी भरू नका. कॅपच्या वेळापत्रकात दिलेल्या अंतिम तारखेच्या आत पोर्टलवरून ऑनलाइन प्रवेश रद्द करा. तसं केल्यास कॉलेजला जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेली फी परत द्यावी लागते, आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायचा त्याला अधिकार नाही. रद्द केल्याच्या पावतीवर तारीख-वेळ छापलेली असते. तिची एक प्रत कॉलेजात द्या, पोच घ्या, आणि दुसरी नव्या कॉलेजच्या फाइलला लावा.